छातीला जपा, पण पाय थांबवू नका

नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला अँजिओप्लास्टी होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस गाडीतून गावी येतो आणि मग आपल्याकडं दोनपैकी एक गोष्ट घडते. एका घरात त्याला बाजेवर बसवतात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. भेटायला येणारा प्रत्येक जण बजावून जातो, ‘आता काही करू नका मामा, नुसतं पडून राहा.’ सहा महिन्यांनी त्या माणसाचे पाय लटपटतात, वजन वाढलेलं असतं, साखर चढलेली असते आणि मनातली भीती गेलेली नसते. दुसऱ्या घरात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, माणसं मिळत नाहीत. आठव्या दिवशी तोच माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शेतात उभा असतो. विचारलं तर म्हणतो, ‘आता नळी मोकळी झाली, काय होतंय!’

हे आवाहन या दोन्ही घरांसाठी आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यातलं घर असो, हृदयरुग्णाला चालवायचं असतं. रोज, मोजून, हळूहळू वाढवत. पडून राहणं त्याला घातक आहे आणि एकदम कष्टाला जुंपणंही घातक आहे. या दोन्हींच्या मधली वाट कशी धरायची ते इथं सांगतो. तुमचा स्वतःचा आजार नेमका कोणता, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतं. त्यामुळं इथलं वाचून त्यांचा सल्ला बाजूला ठेवू नका. हे वाचून त्यांना चार प्रश्न जास्त विचारा.

‘पडून राहा’ हा सल्ला आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मनानं काढलेला नाही. कधीकाळी डॉक्टरच तसं सांगत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायची पद्धत जगभर होती. गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधी शहाणपण सापडलं होतं. छातीत कळ येण्याच्या आजाराचं पहिलं नेमकं वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली केलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रुग्णाची नोंद आहे. त्यानं रोज अर्धा तास लाकूड करवतायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. ही नोंद पुढं दीडशे वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही. १९५२ साली अमेरिकेत सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अटॅकच्या रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना विरोध झाला. पण बसवलेले रुग्ण बिघडले नाहीत, त्यांना बरं वाटू लागलं. पुढं १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना चालायला लावलं. पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढले आणि जिंकले.

त्याच काळात लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९५३ साली छापून आला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. खाणं-राहणं साधारण सारखं, पगारातही फार फरक नाही, फरक पायांच्या हालचालीचा. पुढं आणखी बारकाईनं पाहिल्यावर ड्रायव्हर मुळातच जाडसर असतात हेही कळलं, म्हणून एका अभ्यासावर कुणी विसंबलं नाही. शेकडो अभ्यास झाले. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेनं ६३ चाचण्यांमधल्या १४,४८६ हृदयरुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ठरवून दिलेला व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं कमी दिसले. पुन्हा दवाखान्यात भरती व्हायची वेळही कमी आली.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचं घ्या. स्वतः डॉक्टर, साधं राहणारे, तरी चाळिशीतच त्यांना हृदयविकारानं गाठलं. त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं आणि मराठी घराघरांत ते वाचलं गेलं. आजारानंतर त्यांचं काम थांबलं नाही. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याबद्दलचं त्यांचं जगभर गाजलेलं संशोधन त्यानंतर, १९९९ साली प्रसिद्ध झालं. अटॅक आला म्हणजे माणूस संपला, ही समजूत आपल्या मनातून काढायला एवढं एक उदाहरण पुरेसं व्हावं.

आता आजाराकडं येऊ. ‘हार्टचा त्रास’ या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळे आजार कोंबतो आणि शेजाऱ्याला सांगितलेला नियम स्वतःला लावून घेतो. तसं करू नका.

सगळ्यात जास्त आढळतो तो रक्तवाहिन्यांचा आजार. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत चरबीचा थर साठतो, वाट अरुंद होते. बसल्या जागी काही जाणवत नाही. चढ चढताना, जेवून लगेच चालताना, रागाच्या भरात छाती दाबल्यासारखी होते, भरून येते, कधी जबड्यात, डाव्या हातात, पाठीत कळ जाते. थांबलं की काही मिनिटांत जातं. हा अंजायना. आणि थरावर गुठळी बसून वाट पूर्ण बंद झाली की तो हार्ट अटॅक. ती कळ थांबल्यानं जात नाही, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधीच येतो, हे इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांतल्या अभ्यासानं २००४ साली दाखवून दिलं. आपल्याकडं या कळेला ‘गॅस’ म्हणायची फार वाईट खोड आहे. सोडा पितात, ओवा खातात, आणि ज्या दोन तासांत स्नायू वाचला असता ते दोन तास निघून जातात. मधुमेह असलेल्यांना, बायकांना आणि वयस्कांना तर कळ येतेच असं नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, ओकारी होते. अशा माणसाचा ईसीजी निघालाच पाहिजे.

दुसरा आजार हृदयाची ताकद कमी होण्याचा. रिपोर्टवर ‘ईएफ’ असं लिहून पुढं ३० टक्के, ३५ टक्के असा आकडा येतो आणि घरच्यांना वाटतं, हृदयाचा तीसच टक्के भाग उरलाय. तसं नसतं. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. विहिरीवरच्या मोटारीचा दाब उतरला की जवळच्या वाफ्याला पाणी मिळतं, पण शेवटच्या टोकाचा वाफा कोरडा राहतो. इथंही तसंच होतं. पाय सुजतात, रात्री उताणं झोपवत नाही, दोन उशा घ्याव्या लागतात. या रुग्णांनी हललंच नाही पाहिजे, असं पूर्वी मानत. २००९ साली २,३३१ अशा रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ठरवून दिलेला व्यायाम त्यांच्यासाठीही सुरक्षित निघाला. मात्र त्यांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन.

तिसरा झडपांचा. लहानपणी एखाद्या पोरीचा घसा सुजतो, ताप येतो, सांधे दुखतात, घरचे दुर्लक्ष करतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या पोरीच्या हृदयाची झडप आखडलेली निघते, बहुतेकदा पहिल्या बाळंतपणात दम लागल्यावर. हा संधिवाताचा ताप गरिबीचा, दाटीच्या घरांचा आजार आहे आणि तो टाळता येतो. ज्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं आहे, त्यांचं एकही इंजेक्शन चुकवू नका. झडप किती आखडली आहे हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय कळत नाही आणि ते कळेपर्यंत व्यायामाचा विचार नको. महाधमनीच्या तोंडाची झडप फार आखडली असेल तर जोर केल्यावर माणूस चक्कर येऊन पडतो, कधी उठतच नाही.

ठोक्यांच्या तालाचे आजार, पेसमेकर यांबद्दल थोडक्यात सांगतो. पेसमेकर बसवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पण हात अजिबात न हलवता आखडूही द्यायचा नाही. ज्यांची नाडी कायम वेडीवाकडी चालते त्यांनी व्यायामात नाडी मोजण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, सोपी खूण पुढं देतो.

चालायला सुरुवात कधी करायची? साधा अटॅक असेल, गुंतागुंत नसेल, तर दवाखान्यातच खोलीत चालवतात. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सपाट जागी पाच ते दहा मिनिटं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अंगणात, ओसरीवर, गल्लीत. सोबत कुणीतरी असावं. जमतंय असं वाटलं की दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवायची. वेग वाढवायचा नाही, आधी वेळ वाढवायचा. असं करत चार ते सहा आठवड्यांत बहुतेकांना अर्धा तास सलग चालता येतं. पुढं आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, हे गाठायचं ठिकाण. ईएफ कमी असलेल्यांनी तोच अर्धा तास दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून चालावा.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं अगदी रमतगमत, शेवटची पाच-दहा मिनिटंही तशीच. लोक हे हमखास टाळतात. मधल्या वेगात चालत येऊन धाडकन ओट्यावर बसतात. पायांत उतरलेलं रक्त तिथंच राहतं, बीपी पडतं, चक्कर येते. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. म्हणून हळूहळू थांबा.

आता ती खूण. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नर्सीच्या नामदेव महाराजांच्या जिल्ह्यातली माणसं आपण, चालताना अभंग ओठांवर येणारच. तर अभंग खड्या आवाजात म्हणता येत असेल तर चाल फार मंद आहे, थोडा वेग घ्या. अभंग म्हणता येत नाही पण बोलता येतं, तर चाल बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर वेग लगेच कमी करा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची आहे, कारण मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या चालू असताना नाडी फारशी वाढत नाही आणि माणूस फसतो.

माझं मत विचाराल तर हृदयरुग्णानं जिमचे पैसे भरण्याआधी एक वर्ष नुसतं चालावं. योगाचंही तसंच. आपल्याच देशात २४ केंद्रांवर, अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांना घेऊन योगाचा मोठा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योगानं पुढचे अटॅक किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाले असं त्यात सिद्ध झालं नाही. पण योग करणाऱ्यांना जास्त बरं वाटत होतं, ते आपल्या नेहमीच्या कामांकडं चांगले परतले. म्हणजे सोपी आसनं, दीर्घ श्वास, शवासन जरूर करा. गोळ्या सोडून करू नका. आणि कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, शीर्षासन हे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आता मुख्य गोष्ट. ‘आम्ही शेतकरी, आमचा दिवसभर व्यायामच होतो,’ असं म्हणणाऱ्यांशी मला जरा थांबून बोलायचंय. शेतातले कष्ट आणि हृदयाला मानवणारा व्यायाम यांत फार अंतर आहे. चालण्यात मोठे स्नायू एका लयीत हलतात, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, बीपी थोडंसंच वाढतं. सोयाबीनचा कट्टा उचलताना माणूस दात-ओठ खाऊन श्वास रोखतो. त्या क्षणी बीपी उसळी मारतं आणि कमजोर हृदयावर एकदम ओझं येतं. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पंपाच्या वजनासह वीस किलोच्या आसपास जातो. तो घेऊन चिखलात चालणं म्हणजे चढ चढण्यासारखंच. वर औषधाचा वास आणि तोंडावर फडकं.

आणि आपल्या जिल्ह्याची हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान सगळ्यांना आहे, पण त्या हळदीमागं काय राबणूक असते हे आपल्यालाच माहीत. जमीन खणून कंद काढायचे, वाहायचे, शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या उन्हात हळद शिजवण्याच्या कुकरजवळ, वाफेत आणि जाळापाशी उभं राहणं धडधाकट माणसालाही नको होतं. हृदयरुग्णाचं त्या जागी काहीच काम नाही. त्यानं सावलीत बसून निवडावं, हिशेब ठेवावा, मोंढ्यात सौदा करावा. घरच्यांनी हे त्याला मानानं सांगावं. ‘तुझ्यानं आता होत नाही’ असं म्हणून माणसाचं मन मोडू नका.

बायपास झालेल्यांसाठी वेगळं सांगतो. त्यांच्या छातीचं हाड मधोमध कापून तारेनं शिवलेलं असतं. ते जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर दोन-तीन किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. भरलेली बादली, हंडा, नातवंड, खत, काहीच नाही. हापसा मारायचा नाही, विहिरीचं पाणी शेंदायचं नाही, बैलाचा कासरा ओढायचा नाही. मोटारसायकलही नको. हँडलला झटका बसला की हाडाला बसतो. खोकला आला तर छातीशी उशी धरून खोकायचं. हे सगळं सांभाळून चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून चालूच ठेवायचं. मनगटातून अँजिओप्लास्टी झालेल्यांनी त्या हातानं आठवडाभर वजन उचलू नये, एवढं पथ्य पुरतं.

वेळेचं म्हणाल तर जेवणानंतर दीड-दोन तास चालायचं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. थंडीत उलट, पहाटे पाचचा हट्ट सोडा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात. कोवळं ऊन पडल्यावर, कान बांधून निघा. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यात किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना आकड्यात विचारून ठेवा. ताप, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी. बीपीचा वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा आकडा ११० च्या वर असेल, बसल्या जागी नाडी १०० च्या पुढं पळत असेल, कालपासून दम वाढला असेल, तर आधी दवाखाना.

औंढ्याला दर्शनाला जाणाऱ्या हृदयरुग्णांना एक विनंती. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, उतरायची वाट अरुंद आणि आत कोंदट. श्रावणी सोमवार, महाशिवरात्रीची गर्दी असेल तेव्हा आत उतरू नका. बाहेरून हात जोडा, गर्दी नसलेल्या दिवशी सावकाश आत जा. पायी वारीचंही तसंच. शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, मन ओढ घेतं हे मला कळतं. पण रोज अर्धा तास चालणाऱ्यानं एकदम वीस किलोमीटर चालू नये. गावाच्या शिवेपासून शिवेपर्यंत सोबत करा.

चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबड्यात-हातात कळ गेली, चक्कर आली, गार घाम फुटला, धडधड थांबेना, तर ‘जरा पुढं जाऊन बघू’ असं म्हणू नका. जागच्या जागी बसा. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर बसूनच ठेवा, उभ्यानं ठेवली तर बीपी पडून कोसळाल. ती गोळी खिशात, मूळच्या बाटलीत असावी, घरातल्या कपाटात नको. ताकदीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिलसारख्या, घेतल्या असतील तर जिभेखालची गोळी ठेवू नका आणि न लाजता डॉक्टरांना सांगा, या दोन्ही मिळून जीव घेतात. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर १०८. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते, फुकट आहे. मोटारसायकलवर मधे बसवून रुग्णाला नेऊ नका. आधी जवळचं ईसीजीची सोय असलेलं सरकारी किंवा खासगी रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या नादात वाटेतले तास घालवू नका. आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही, तर एकानं १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं यात वेळ जातो.

पैशाअभावी कुणी अँजिओप्लास्टी किंवा बायपास टाळत असेल तर त्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्या. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटायचं. वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. शाळेतल्या मुलांच्या हृदयाला जन्मतः छिद्र निघालं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळते, शाळेत तपासायला येणाऱ्या पथकाला विचारा. तिशी ओलांडलेल्यांनी उपकेंद्रात बीपी-साखर तपासून घ्यावी.

अँजिओप्लास्टीत स्टेंट टाकल्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनानं बंद करणं हा मरणाशी खेळ आहे. उपवास असला तरी गोळी घ्यायची. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि तंबाखू. बिडी, गुटखा, खर्रा, मशेरी, सगळी. पानटपरीवर उभं राहून चालण्याचे फायदे सांगणाऱ्या माणसाचं चालणं वाया जातं. बिडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे.

भरतीच्या तयारीतल्या पोरांसाठी चार ओळी. हिंगोलीत राज्य राखीव दलाचा गट आहे, पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारी पोरं पहाटे रस्तोरस्ती दिसतात. पळताना कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखलं असेल, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर भरतीच्या आधी ईसीजी आणि इको करून घ्या. लपवू नका.

राहिल्या बायका. डॉक्टर सांगतात, ‘रोज अर्धा तास चाला.’ बाई मान डोलावते आणि घरी येऊन चालत नाही. तिनं चालायचं कुठं? महामार्गावर ट्रक, गल्लीत टोमणे, शेताच्या वाटेवर अंधार. पुरुष मैदानावर फेऱ्या मारतात, ती चुलीपुढं असते. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि बचत गटांना माझं कळकळीचं सांगणं आहे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीला ग्रामसभा होतात. येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव मांडा: जिल्हा परिषद शाळेचं मैदान रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर तासभर बायकांना चालायला मोकळं राहील, तिथं दिवा लागेल, बसायला दोन बाक असतील, आणि आशाताईंकडं बीपीचं मशीन असेल तर आठवड्यातून एक दिवस त्या तिथं येतील. खर्च फार नाही. बचत गटाच्या बायकांनी चार-चार जणींचे गट करावेत, म्हणजे कुणाची सून, कुणाची सासू, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली नणंद एकटी पडणार नाही. आणि घरातल्या पुरुषांनी त्या तासाभरात चूल सांभाळावी.